शंख घेऊन फिरणारा हा खेकडा नेमका कोणाचा कोण?

खडपकर

मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी जुहूच्या ओहोटीतला फोटो टाकला होता. खाली तीन प्रतिसाद आले. "शंखात खेकडा घुसलाय", "गोगलगायीला पाय फुटले" आणि "हा खेकडाच नाही". तिसरा प्रतिसाद माझा. त्यावर दोघांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून "मग आहे तरी कोण?" असं विचारलं. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा काढतोय.

खेकडा, कोळंबी, शेवंड आणि हा शंखवासी (हर्मिट क्रॅब, काही जण संन्यासी खेकडा म्हणतात) हे सगळे कवचधारी प्राण्यांतल्या दशपाद गणातले. दहा पाय, त्यातली पुढची जोडी बहुतेक वेळा नांगीची. या गणात खरे खेकडे म्हणजे ब्रॅकियुरा. चिंबोरी, पुळणीवर बिळं करणारे, डोंगरातले मुठे, सगळे त्यात आले. सुमारे सात हजार जाती. त्यांची शेपटी आखूड, चपटी आणि पोटाखाली घट्ट दुमडलेली असते. चिंबोरी साफ करताना खालची जी त्रिकोणी पट्टी उचलून काढतो, तीच ती.

शंखवासी या घरातला नाही. तो शेजारच्या अ‍ॅनोम्युरा शाखेतला. पोर्सेलिन खेकडे, स्क्वॉट लॉब्स्टर, लाटेच्या काठावर वाळूत घुसणारे मोल क्रॅब आणि थंड समुद्रातले किंग क्रॅब हे त्याचे भाऊबंद. ओळखायची सोपी खूण म्हणजे पाय मोजा. चिंबोरीचे दहाच्या दहा पाय दिसतात. शंखवासीचे सहाच बाहेर असतात, दोन नांग्या आणि चालायच्या दोन जोड्या. उरलेले चार बारके पाय आत शंखाच्या भिंतीला टेकवून तो अंग सावरतो, आणि शेवटच्या जोडीने कल्ले साफ करतो. दुसरी खूण मिशांची. खऱ्या खेकड्याच्या लांब मिशा दोन डोळ्यांच्या मधे असतात, अ‍ॅनोम्युरांच्या डोळ्यांच्या बाहेरच्या अंगाला.

आता आतली गोष्ट. त्याच्या पोटावर कवच नसतं. मऊ, जवळजवळ पारदर्शक, आणि एका बाजूला पीळ दिलेलं. बहुतेक शंख उजवीकडे वळतात, पोटही त्याच वळणाचं. शेपटीच्या टोकाला जी पंख्यासारखी जोडी कोळंबीला पोहायला लागते, तिचा इथे आकडा झालाय. डावा मोठा, उजवा लहान. तो आकडा शंखाच्या मधल्या खांबाला अडकवला की बाहेरून कितीही जोर लावा. ओढलात तर तो तुटेल, पण सुटणार नाही. त्यामुळे कृपा करून ओढू नका. मादीच्या पोटाखाली अंडी धरणारे उपांगही डाव्याच बाजूला असतात, उजवी बाजू शंखाला चिकटलेली म्हणून तिथे काही उरलेलंच नाही.

शंख बदलताना बघायचं असेल तर डबक्याजवळ सावली न पाडता बसा. आधी तो नवा शंख नांगीने चाचपतो. कडेवरून टोक फिरवतो, तोंडात नांगी घालून खोली बघतो, मग शंख उलटापालटा करून आतली वाळू सांडतो. मग थोडा वेळ काहीच नाही. आणि एकदम सुटतो, पोट पाण्यात लख्ख दिसतं न दिसतं तोच नव्या शंखात मागे सरकून बसलेला असतो. बऱ्याचदा पुन्हा जुन्यात जातो. ही ये-जा दोनचार वेळा चालते. जिवंत गोगलगाय मारून शंख बळकावतो असा समज आहे, पण सहसा तसं नसतं. तो मेलेल्याचा शंख घेतो, नाहीतर दुसऱ्या शंखवासीकडून भांडून घेतो. भांडण म्हणजे आपला शंख समोरच्याच्या शंखावर ठोकत राहायचं. ठोके जोरात आणि सलग पडले की आतला कंटाळून बाहेर पडतो.

वर्गीकरणात शंखवासींच्या अकराशेहून जास्त जाती आहेत आणि त्यांची कुळं डावी-उजवी लावली की अर्धं काम होतं. डायोजेनिडी कुळात डावी नांगी मोठी किंवा दोन्ही सारख्या. पॅग्युरिडी कुळात उजवी मोठी. सीनोबिटिडी हे जमिनीवरचे, तेही डावखुरे. पॅरापॅग्युरिडी खोल समुद्रातले. आणि पायलोकेलिडी नावाचं एक जुन्या वळणाचं कूळ आहे, ज्यांचं पोट सरळ, दोन्हीकडून सारखं असतं. ते बुडालेल्या लाकडाच्या भोकात, दगडात, स्पंजात राहतात.

मुंबई-कोकणात खडकावर आणि चिखलात जे दिसतात ते बहुतेक डायोजेनिडी. त्यातही क्लिबॅनेरियस आणि डायोजेनीस या दोन प्रजाती जास्त. आपल्याकडच्या शंखवासींची पहिली मोठी यादी कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमच्या आल्फ्रेड अल्कॉक यांनी १९०५ मध्ये केली. अजूनही ओळख पटवताना लोक तिथपर्यंत मागे जातात.

शंका विचारा.

कुर्लीप्रेमी

माहिती झकास. पण मूळ प्रश्न राहिला. खातात का?

आमच्या मालवणात ह्येका कोण खायत नाय, पोरां खेळतत. शंखात मांस असतं किती? कुर्लीचे डेंगे फोडण्यातली मजा वेगळीच. (अवांतर: तिवरे धरण फुटल्यावर खापर ज्यांच्यावर फोडलं गेलं ते खेकडे यातले कुठले म्हणायचे?)

खडपकर

@कुर्लीप्रेमी, इथले शंखवासी खायला घेतल्याचं मीही पाहिलेलं नाही. तिवऱ्याला ज्यांचं नाव घेतलं ते गोड्या पाण्यातले, म्हणजे खरे खेकडे, ब्रॅकियुरा. धरण त्यांनी पोखरलं का या प्रश्नावर मी तोंड उघडत नाही, २०१९ मध्ये लोकांनी पुरेसं उघडलं होतं.

पण त्या मुठ्यांमध्ये एक गंमत आहे. बहुतेक खेकड्यांची अंडी फुटली की त्यातून झोइया नावाची डिंभक अवस्था बाहेर पडते. काटेरी, डोळेमोठी आणि पाण्यात तरंगणारी. ती आईसारखी अजिबात दिसत नाही. मुठ्यांनी हा टप्पाच गाळलाय. अंड्यातून थेट इवला खेकडा येतो आणि काही दिवस आईच्या पोटपट्टीखाली राहतो. म्हणून ते सह्याद्रीच्या कातळावर, समुद्रापासून लांब राहू शकतात. बहुतेक शंखवासींना ते जमलेलं नाही. जमिनीवर राहणाऱ्यांनाही अंडी सोडायला समुद्राच्या काठावर जावंच लागतं. झोइयाच्या काही अवस्था झाल्या की मेगॅलोपा बनतो, आणि तो तळाशी उतरून आयुष्यातला पहिला शंख शोधतो. मुगाच्या दाण्याहून लहान शंख असतात ते.

उत्तरध्रुवी

वाखुसा (वाचनखूण साठवली). खाण्यावरून आठवलं म्हणून लिहितो.

नॉर्वेच्या उत्तर टोकाला फिनमार्कमध्ये कामानिमित्त राहतो. इथे किंग क्रॅब हा मोठा धंदा आहे. तो मूळचा इथला नाही. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात कामचाटकाकडून आणून मुर्मान्स्कजवळच्या समुद्रात सोडला, तिथून चालत चालत नॉर्वेत आला. आता सरकारची दुहेरी भूमिका आहे. २६ अंश पूर्व रेखांशाच्या पूर्वेला कोटा लावून मासेमारी, पश्चिमेला वाटेल तेवढा पकडा, म्हणजे पुढे पसरणार नाही.

गेल्या हिवाळ्यात बंदरावर एका मच्छीमाराने जिवंत खेकडा माझ्या हातात दिला. पसरलेले पाय माझ्या दोन्ही हातांत मावेनात. धाग्यात लिहिल्याप्रमाणे पाय मोजले तर आठच भरले! तुटलेत का विचारलं तर म्हणाला, "नाही, एवढेच असतात." मग त्याने उलटा करून दाखवला. मादी होती. पोटाची पट्टी तिरकी, डावीकडच्या चकत्या मोठ्या, उजवीकडच्या लहान. चिंबोरीत असं कधी पाहिलं नव्हतं. याचा शंखवासीशी संबंध आहे का?

खडपकर

@उत्तरध्रुवी, तुमच्या हातात या धाग्यातला सगळ्यात भारी पुरावा होता.

किंग क्रॅबचं कूळ लिथोडिडी. शंख नाही, कवच जाड, आकार पाहून कुणालाही खेकडाच वाटेल. पण ती तिरकी पट्टी बघा. शंखात न राहणाऱ्या प्राण्याला पोट वाकडं ठेवायचं काहीच कारण नाही. त्याच्या पूर्वजांना होतं. १९९२ मध्ये कनिंगहॅम, ब्लॅकस्टोन आणि बस यांनी जनुकीय पुराव्यावरून दाखवलं की किंग क्रॅब शंखवासींच्या वंशवृक्षाच्या आतच बसतात, पॅग्युरस प्रजातीच्या अगदी जवळ. म्हणजे शंख सोडून दिलेले शंखवासी. त्यांच्या मादीचे अंडी धरणारे उपांगही एका बाजूलाच जास्त आहेत. आणि नांगी बघितलीत का? उजवी मोठी असणार. पॅग्युरिडीचा उजवेपणा.

आठ पाय दिसले कारण पाचवी जोडी बारीक होऊन कवचाखाली कल्ल्यांजवळ लपलेली असते. ती आहे, दिसत नाही इतकंच.

दुसऱ्या टोकाला नारळखेकडा घ्या, बर्गस लॅट्रो. जमिनीवर राहणाऱ्या कवचधाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठा, चार किलोपर्यंत, पाय पसरले तर जवळपास एक मीटर. लहानपणी शंखात राहतो, मोठा झाला की शंख टाकतो आणि पोटावरची कातडी टणक होते. त्याची डावी नांगी मोठी, कारण तो सीनोबिटिडी कुळातला. शंख सोडण्याचा निर्णय दोघांचा, पण घराणी वेगळी, आणि ते नांगीवरून कळतं. भारतात नारळखेकडा निकोबारकडे आहे आणि वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे. तेव्हा कुर्लीप्रेमींनी तिकडे आशेने बघू नये.

नारळखेकड्याचे कल्ले नावापुरते उरलेत. कल्ल्यांच्या पोकळीच्या भिंतीवर रक्तवाहिन्यांची दाट वीण असते, तिथून तो हवेतला ऑक्सिजन घेतो. मोठा नारळखेकडा पाण्यात ठेवला तर बुडून मरतो.

शंकासुर

हे वाचून तो आंतरजालावरचा लाडका विनोद आठवला, "उत्क्रांती शेवटी सगळ्यांचा खेकडाच करते." धागाकर्त्याने त्या दिशेला जायच्या आत शंका मांडतो. "खेकडा पाच वेळा निर्माण झाला" म्हणे. पाच वेळा म्हणजे काय मोजलं? एकच पूर्वज खेकड्यासारखा असता आणि बाकीच्यांनी तो आकार सोडला असता तर? झाड काढणाऱ्याच्या मनावर आहे का हे?

खडपकर

@शंकासुर, शंका रास्त आहे. शब्द जुना आहे, कार्सिनायझेशन, बोराडेल यांनी १९१६ मध्ये वापरलेला. अर्थ एवढाच की चपटं रुंद कवच आणि पोटाखाली दुमडलेली शेपटी हा आकार दशपादांत वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे आला. ब्रॅकियुरात, किंग क्रॅबमध्ये, पोर्सेलिन खेकड्यांत, ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या केसाळ लोमिसमध्ये, आणि बऱ्याच अंशी नारळखेकड्यात. पाच म्हणजे हे. हे वंश एकमेकांच्या शेजारी नाहीत. प्रत्येकाचे जवळचे नातेवाईक लांब शेपटीचे किंवा शंखातले आहेत. पूर्वज खेकड्यासारखा धरला तर मधल्या असंख्य फांद्यांवर तो आकार पुन्हा पुन्हा गेला असं मानावं लागतं. तसं गेल्याची उदाहरणं आहेतही, खुद्द ब्रॅकियुरातले बेडूकखेकडे लांबुडके झालेत. म्हणजे रस्ता दोन्ही दिशांना आहे.

"उत्क्रांतीला खेकडा आवडतो" हे मात्र मला पटत नाही. गोगलगायीचा, माशाचा, किड्याचा कधी खेकडा झाला नाही. एका विशिष्ट बांधणीच्या प्राण्यांतच होतो, ज्यांच्याकडे आधीच शेपटी दुमडायची सोय आहे. शेपटी आत घेतली की भक्षकाला मऊ भाग मिळत नाही आणि आडवं पळता येतं. पण मागे झटका देऊन निसटायची कोळंबीची युक्ती गेली. फायदा असतो तसा तोटाही.

शंकासुर

पटलं. (असं मी सहसा लिहीत नाही, नोंद घ्यावी.)

पित्तप्रकृती

मला कोळंबीची जबरदस्त अ‍ॅलर्जी आहे. डॉक्टरांनी चाचणी केली तेव्हा झुरळाचीही निघाली. घरच्यांनी महिनाभर चेष्टा केली. पण कवचधारी आणि झुरळ यांचं काही नातं आहे का खरंच?

दोन_पैसे

@पित्तप्रकृती, आहे. मी वैद्यकीय प्रयोगशाळेत काम करते, तेवढ्यापुरतं सांगते. कोळंबी, खेकडा, झुरळ आणि घरातल्या धुळीतले माइट यांच्या स्नायूंत ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं आणि त्यांच्यात ते इतकं सारखं आहे की शरीर एकाला ओळखायला शिकलं की दुसऱ्यालाही शत्रू समजतं. सगळ्यांना होतंच असं नाही. माइट कोळ्यांच्या बाजूचे, त्यामुळे नातं लांबचं, पण प्रथिन जुनं आहे. चाचणीत झुरळ निघालं म्हणजे झुरळाने त्रास होतोच असंही नाही. ते डॉक्टरांशी बोला, धाग्यावर नको.

खडपकर

दोन_पैसे ताईंना दुजोरा देऊन पुढचं जोडतो. शाळेत आपण कीटक एक वर्ग आणि कवचधारी दुसरा वर्ग असं शिकलो. आता जनुकीय अभ्यासांत कीटक हे कवचधाऱ्यांच्या झाडातूनच फुटलेली फांदी ठरतात. दोघांना मिळून पॅनक्रस्टेशिया म्हणतात. कीटकांचे सगळ्यात जवळचे म्हणून बहुधा रेमिपीड्स येतात. समुद्राशी जोडलेल्या गुहांत राहणारे, आंधळे, गोमेसारखे लांब प्राणी. १९७९ मध्ये बहामामधल्या एका गुहेत सापडले तोवर जिवंत असतील असं कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे झुरळ, मुंगी, फुलपाखरू हे सगळे एका अर्थी जमिनीवर आलेले कवचधारीच. "कवचधारी" हा शब्द कीटक वगळून वापरला तर तो अर्धवट कुटुंबाचं नाव होतो.

आणखी जमिनीवरचे हवे असतील तर कुंडी उचला. खाली राखाडी, गोळा होणारे किडे दिसतात ते वुडलाइस, समपाद गणातले, पक्के कवचधारी. श्वास घ्यायला ओल लागते म्हणून कुंडीखाली.

उलट घोड्याच्या नालेसारखा हॉर्सशू क्रॅब, जो ओडिशाच्या किनाऱ्यावर येतो, तो कवचधारी नाहीच. तो कोळी-विंचवांच्या बाजूचा. नावात क्रॅब असण्याला काही अर्थ नाही.

डोंबिवलीकर_७

जागा रिकामी झाली की रांगेतले सगळे एकेक खोली पुढे सरकतात असा एक व्हिडिओ पाहिलाय यांचा. आमच्या चाळीत तीस वर्षं हेच चालू होतं. पागडी कोण घेतो तेवढं विचारायचंय.

खडपकर

@डोंबिवलीकर_७, हा प्रतिसाद येणार याची खात्री होती. पण तुम्हाला कल्पना नसेल, ही उपमा माणसांकडूनच खेकड्यांकडे गेली. १९७० च्या सुमारास हॅरिसन व्हाइट या समाजशास्त्रज्ञाने दाखवलं की एक नोकरी रिकामी झाली की ती भरायला कुणीतरी सरकतो, त्याची जागा रिकामी होते, आणि रिकामेपणच खाली खाली प्रवास करत जातं. इव्हान चेस हेही समाजशास्त्रज्ञ. त्यांनी हीच चौकट १९८० च्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या किनाऱ्यावर शंखवासींना लावली. एक मोठा शंख पाण्यात टाकला की किती खेकड्यांचं भलं होतं ते मोजलं.

जमिनीवरच्या जातींत तर खेकडे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने एकमेकांना धरून उभे राहतात. सगळ्यात मोठा नव्या शंखात गेला की काही सेकंदांत सगळी रांग सरकते. पागडी नाही, पण मधेच घुसणारे असतात.

याहून मजेशीर म्हणजे मार्क लेडर यांचं कोस्टा रिकातलं काम. तिथले जमिनीवरचे शंखवासी शंख आतून कोरतात. मधला खांब झिजवतात, तोंड रुंद करतात. शंख हलका होतो आणि आत जागा जास्त मिळते. असा कोरलेला शंख एका खेकड्याकडून दुसऱ्याकडे जात राहतो. नुसता गोगलगायीचा शंख मोठ्या खेकड्याला फारसा उपयोगी नसतो, त्याला आधी कुणीतरी राहून गेलेला शंख लागतो. त्यामुळे ते घोळक्याने राहतात आणि एकमेकांना शंखातून बाहेर काढायचा प्रयत्न करतात.

चिऊची_आई

धागा आवडला. एक व्यावहारिक प्रश्न. लेकीला वाढदिवसाला हर्मिट क्रॅब हवाय. मत्स्यालयाच्या दुकानात रंगवलेल्या शंखातले मिळतात. दुकानदार म्हणतो सांभाळायला काहीच कष्ट नाहीत, प्लास्टिकच्या डब्यात वाळू आणि थोडं पाणी पुरे. घ्यावा का?

खडपकर

@चिऊची_आई, माझं मत विचाराल तर नको.

दुकानातले बहुतेक जमिनीवरचे, सीनोबिटा प्रजातीचे. त्यांना अजूनही कल्ल्यांनीच श्वास घ्यावा लागतो, कल्ले ओले ठेवावे लागतात. कोरड्या डब्यात ते हळूहळू गुदमरतात आणि मरायला महिने लागतात, त्यामुळे "आमचा छान जगला" असं लोकांना वाटतं. हवा दमट, गोडं पाणी आणि खारं पाणी दोन्ही, आणि अंगाहून बरीच खोल, ओली वाळू लागते. वाळू कशाला, तर कात टाकायला. कवच वाढत नाही, म्हणून जुनं टाकून नवं घडवावं लागतं. त्या काळात तो मऊ असतो, आठवडेच्या आठवडे वाळूत गाडून घेतो आणि टाकलेली कात स्वतःच खातो, त्यातले क्षार परत मिळावेत म्हणून. मेला समजून टाकून दिलेले खेकडे बऱ्याचदा कात टाकत असतात.

रंगवलेला शंख तर मुद्दाम निवडलेला नसतो, त्याला त्यात घालतात. शिवाय पिंजऱ्यात प्रजनन जवळजवळ होत नाही, कारण पिल्लांना समुद्र लागतो. म्हणजे दुकानातला प्रत्येक खेकडा कुठल्यातरी किनाऱ्यावरून उचललेला. हा प्राणी नीट सांभाळला तर दहा वर्षांहून जास्त जगू शकतो, वाढदिवसाच्या भेटीला एवढी जबाबदारी जड आहे.

लेकीला ओहोटीच्या वेळी न्या. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' ची मंडळी २०१७ पासून मुंबईच्या किनाऱ्यांवर अशा फेऱ्या घडवतात.

दोन_पैसे

त्यांना दुखतं का, असं चिऊ विचारेलच. उत्तर अर्धं तयार आहे. एल्वूड आणि अ‍ॅपेल यांनी २००९ मध्ये शंखवासींना शंखाच्या आत हलका विजेचा झटका दिला. नावडता शंख असलेले लवकर बाहेर पडले, आवडता असलेले सोसत राहिले. नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असती तर शंख कुठला याने फरक पडायला नको होता. ब्रिटनने २०२२ च्या प्राणीकल्याण कायद्यात दशपादांना घेतलं, त्यामागे अशा कामांचा आधार होता.

कुर्लीप्रेमी

हे कशाला सांगितलंत. रविवारचा बेत ठरला होता.

शंकासुर

शंख नव्हते तेव्हा हे काय करत होते?

खडपकर

@शंकासुर, शंख नव्हते असा काळ नाही, पण राहायचे ते वेगळ्यांच्यात. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या स्पीटन इथल्या क्रेटेशियस काळाच्या सुरुवातीच्या मातीत एक शंखवासी अ‍ॅमोनाइटच्या कवचात बसलेला जीवाश्म मिळाला. २००३ मध्ये त्याचं वर्णन आलं. अ‍ॅमोनाइट माकुळांचे नातेवाईक, आता नामशेष. त्यांचं कवच एका पातळीत गुंडाळलेलं, म्हणजे उजवं-डावं काही नाही. पुढे गोगलगायींचे शंख जास्त मिळू लागले तसे हे तिकडे सरकले असावेत.

आताच्या काळातला बदल वाईट आहे. २०२४ मध्ये पोलंडच्या संशोधकांनी लोकांनी आंतरजालावर टाकलेले फोटो तपासले. शंखाऐवजी कचऱ्यात राहणारे ३८६ खेकडे मिळाले, बहुतेक प्लास्टिकच्या झाकणांत. जमिनीवरच्या १६ जातींपैकी १० जातींमध्ये. लोक त्या फोटोंना "किती गोड" म्हणतात.

हिंदी महासागरातल्या कोकोस (कीलिंग) बेटांवर आणि पॅसिफिकमधल्या हेंडरसन बेटावर तर बाटल्या सापळे झाल्यात. वाळूत तिरपी रुतलेली बाटली, तोंड वर. खेकडा आत जातो, गुळगुळीत भिंतीवरून वर चढता येत नाही, मरतो. मेलेल्या शंखवासीच्या वासाचा अर्थ बाकीच्यांना "शंख रिकामा झाला" असा कळतो. ते शोधत येतात आणि त्याच बाटलीत पडतात. दोन्ही ठिकाणी मिळून साधारण पाच लाख सत्तर हजार खेकडे असे अडकून मेल्याचा अंदाज काढला गेला. हे तेच कोकोस बेट, जिथे डार्विन १८३६ मध्ये उतरला आणि नारळखेकड्याबद्दल टिपणं केली.

उत्तरध्रुवी

आता जहाजाच्या बुडाला चिकटणारे बार्नॅकल यात कुठे येतात तेही सांगून टाका. इथे बंदरावर खरवडायचं काम वर्षभर चालतं.

खडपकर

बार्नॅकलही कवचधारी, पण दशपाद नाहीत. पूर्वी त्यांना शिंपल्यांच्या गटात टाकत. १८३० मध्ये थॉम्पसन यांनी डिंभक अवस्था बघून ते कवचधारी असल्याचं दाखवलं. पोहणारं पिल्लू खडकावर डोकं चिकटवतं आणि उरलेलं आयुष्य पायांनी पाण्यातलं अन्न आत ओढतं. त्यांच्यातलीच एक शाखा, रायझोसेफाला, खेकड्यांवर आणि शंखवासींवर परजीवी होते. बाहेर फक्त पोटाला एक पिशवी लटकते, आत मुळांसारखे धागे. बघून कुणी त्याला प्राणी म्हणणार नाही. अवस्था बघितल्याशिवाय ओळखू येत नाही, इतका आकार बदलतो.

चिऊची_आई

खेकडा घेत नाही. रविवारी गिरगावला जातोय. फोटो काढला तर ओळखाल का? आणि काढायचा कसा?

खडपकर

नक्की टाका. शंखाचा फोटो फारसा कामाचा नाही, तो गोगलगायीचा असतो. पाय, नांग्या आणि डोळ्यांचे देठ समोरून दिसू देत. दोन्ही नांग्या सारख्या, बोटांची टोकं काळपट आणि पायांवर उभे पट्टे असतील तर क्लिबॅनेरियस. डावी नांगी ठळक मोठी असेल आणि डोळ्यांच्या मधे एक बारीक हलणारा काटा दिसला तर डायोजेनीस. त्यातल्या काहींच्या मिशा पिसासारख्या असतात, वाळूत बसून पाण्यातले कण त्यांनी पकडतात. जमीन कुठली तेही लिहा, खडक, चिखल की वाळू.

दगड उलटलात तर खाली चपटे, झटकन सरकणारे बारके खेकडे दिसतील. पोर्सेलिन खेकडे, पेट्रोलिस्थिस. पाय मोजा, आठच भरतील. नांगीला धरू नका, नांगी सोडून पळतात. दगड जसा होता तसाच परत ठेवा.

लाटेच्या काठावर पावलाखालून काही सरकलं तर तो मोल क्रॅब. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरचा एमेरिटा होल्थुइसी. १९६५ मध्ये सांकोळी यांनी ही जात शास्त्रात नोंदवली. मागच्या मागे वाळूत घुसतो आणि लाट परतताना मिशा बाहेर काढतो.

ओहोटीची वेळ आधी बघा. पाणी पूर्ण उतरायच्या तासभर आधी पोचलात तर डबकी शांत मिळतील.